एका मिनिटाचा कागद

जानेवारी 2005. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यात डोव्हर नावाचं एक गाव आहे, तिथल्या सरकारी शाळेत नववीचा जीवशास्त्राचा तास. शिक्षक वर्गातून बाहेर पडले. त्यांच्यासोबत काही मुलंही उठून गेली. मग शाळेच्या प्रशासनातले एक साहेब आत आले, हातातला चार परिच्छेदांचा कागद त्यांनी वाचून दाखवला आणि ते निघून गेले. सगळा कार्यक्रम जेमतेम मिनिटभराचा. त्यावर मुलांनी काही विचारायचं नाही, शिक्षकांनी चर्चा करायची नाही, असंही ठरलेलं होतं.

या एका मिनिटासाठी 11 पालक आधीच, म्हणजे डिसेंबर 2004 मध्येच, कोर्टात गेले होते. खटला सहा आठवडे चालला, निकालपत्र 139 पानांचं झालं आणि वकिलांच्या फीपोटी शाळेला दहा लाख डॉलर्सचा भुर्दंड पडला. अमेरिकेत देवाने निर्माण केलेली सृष्टी सरकारी शाळेत विज्ञान म्हणून शिकवायची की नाही, यावर शंभर वर्षं भांडण चालू आहे. ते नेमकं कशावरून आहे हे समजून घ्यायला डोव्हरच्या खटल्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

कागदात होतं काय? वरवर पाहिलं तर अगदी साधं. डार्विनची थिअरी ही थिअरी आहे, तथ्य नाही. तिच्यात फटी आहेत, तिथे पुरावा नाही. जीवसृष्टीच्या उगमाचं डार्विनपेक्षा वेगळं स्पष्टीकरण आहे, त्याला इंटेलिजंट डिझाइन, म्हणजे कुणा बुद्धिमान शक्तीने केलेली आखणी, असं म्हणतात. ज्यांना माहिती हवी त्यांच्यासाठी 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक शाळेत ठेवलंय. मन मोकळं ठेवा.

यात वाईट काय, असं कुणालाही वाटेल. मन मोकळं ठेवा म्हणणं हा काय गुन्हा झाला? पण डोव्हरच्या विज्ञान शिक्षकांना पाणी कुठे मुरतंय ते लगेच कळलं. मी हे वाचलं तर मुलांना वाटेल की इंटेलिजंट डिझाइन हाही उत्क्रांतीच्या तोडीचा वैज्ञानिक सिद्धांत आहे आणि ते खरं नाही, असं त्यांनी लेखी कळवलं आणि वाचायला नकार दिला. म्हणून तर साहेबांना यावं लागलं.

आधी तो 'थिअरी' शब्द. रोजच्या इंग्रजीत थिअरी म्हणजे अंदाज, कुणाच्या तरी डोक्यातली कल्पना. विज्ञानात मात्र थिअरी म्हणजे ढीगभर निरीक्षणांना एका सूत्रात बांधणारी, पुन्हा पुन्हा तपासून टिकलेली मांडणी. रोग जंतूंमुळे होतात हीसुद्धा थिअरीच. 'ओन्ली अ थिअरी' हा युक्तिवाद या दोन अर्थांच्या गोंधळावर उभा आहे. गंमत म्हणजे मराठीत तो उभाच राहत नाही. आपण म्हणतो सिद्धांत, आणि त्या शब्दातच 'सिद्ध' आहे. 'हा नुसता सिद्धांत आहे, खरा नाही' असं म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल. राहिला आपल्या बोलण्यातला 'थिअरी' शब्द, तर त्याचा अर्थ प्रॅक्टिकल नसलेला पेपर, एवढाच.

आता क्रिएशनिझम, म्हणजे निर्मितीवाद. 'जग देवाने निर्माण केलं' असं मानणारा प्रत्येक माणूस निर्मितीवादी नसतो, हे आधीच सांगितलेलं बरं. कॅथलिक चर्चचं उत्क्रांतीशी भांडण नाही. 1996 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही केवळ कल्पना उरलेली नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. या वादातला निर्मितीवाद म्हणजे बायबलमधली उत्पत्तीची कथा अक्षरशः खरी मानणं. पृथ्वी सहा ते दहा हजार वर्षांची, प्रत्येक जातीचा प्राणी वेगळा घडवलेला, खडकांचे थर आणि जीवाश्म नोहाच्या महापुरात तयार झालेले. भूविज्ञान पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षं सांगतं. म्हणजे तफावत थोडीथोडकी नाही. आणि असं मानणारे मूठभर आहेत असंही नाही. गॅलपच्या 2024 च्या पाहणीत 37 टक्के अमेरिकनांनी, देवाने माणसाला गेल्या दहा हजार वर्षांत आजच्याच रूपात घडवलं, हा पर्याय निवडला.

एवढे लोक मानतात, कर भरतात, मग त्यांच्या शाळेत त्यांचं का शिकवू नये? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिथली शाळा चालवते कोण हे पाहिलं की त्याची धार कळते. आपल्याकडे बालभारती पुस्तक काढते आणि गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत राज्य मंडळाच्या शाळांत तेच चालतं. अमेरिकेत तसं नाही. तिथे हजारो स्थानिक शाळा-मंडळं आहेत. बहुतेक ठिकाणी त्यांचे सदस्य गावातलेच लोक मतदान करून निवडतात आणि शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा घरपट्टीसारख्या स्थानिक करातून येतो. डोव्हरचं मंडळ नऊ जणांचं. ऑक्टोबर 2004 मध्ये 6 विरुद्ध 3 मतांनी त्यांनी हा ठराव केला. आपल्या ग्रामपंचायतीने दहावीच्या विज्ञानात काय हवं ते ठरवावं, तसंच हे.

याच्या उलट टोक आपल्याकडे दिसतं. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' उरलं. कारण अभ्यासक्रमाचा भार कमी करण्याचं दिलं गेलं. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे, पण दहावीनंतर जीवशास्त्र घेणारी मुलं किती? 1800 हून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. एकाच शहरात, एकाच सोसायटीत राहणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला डार्विन दहावीत भेटतो, दुसऱ्याला कदाचित कधीच नाही.

अमेरिकेत मंडळाच्या बहुमताला आडवी येते ती राज्यघटनेची पहिली दुरुस्ती. 1791 ची. तिचा पहिलाच भाग सांगतो की सरकारने कुठल्याही धर्माची प्रतिष्ठापना करणारा कायदा करायचा नाही. सरकारी शाळा हे सरकारच. मुलं तिथे सक्तीने येतात, पैसा सगळ्यांच्या खिशातून येतो. तेव्हा तिथे एका पंथाची शिकवण विज्ञान म्हणून देता येत नाही. चर्चमध्ये द्या, खासगी शाळेत द्या, घरी शिकवा, कुणी अडवत नाही. सरकारी शाळेतही धर्मांचा तौलनिक अभ्यास चालतो. भांडण फक्त विज्ञानाच्या तासाचं आहे. (आपल्या घटनेचं कलम 28 ही पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण देऊ देत नाही.)

या भिंतीवर निर्मितीवादाने आधी सरळ धडक मारली. 1925 मध्ये टेनेसी राज्याने, माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं सरकारी शाळेत शिकवणं हाच गुन्हा ठरवला. डेटन गावातल्या काही मंडळींनी औषधाच्या दुकानात टेबलाभोवती बसून ठरवलं की खटला आपल्या गावात व्हावा, गावाचं नाव होईल. जॉन स्कोप्स नावाचा तरुण शिक्षक आरोपी व्हायला तयार झाला. खटला रेडिओवरून थेट ऐकवला गेला, स्कोप्सला 100 डॉलर्स दंड झाला, तो पुढे तांत्रिक कारणावरून रद्द झाला. या खटल्याची गोष्ट नेहमी शहाणे विरुद्ध अडाणी अशी सांगितली जाते. पण ज्या पाठ्यपुस्तकावरून स्कोप्सने शिकवलं, त्यात मानववंशांची उतरंड आणि 'निकृष्ट' माणसांची पैदास रोखण्याची भलामणही होती. तेव्हा डार्विनच्या नावावर काय काय खपवलं जातंय, ही समोरच्या बाजूची भीती अगदीच निराधार नव्हती.

दंड रद्द झाला, कायदा मात्र 1967 पर्यंत राहिला. मधल्या काळात प्रकाशकांनीच उत्क्रांती पुस्तकांतून पातळ करून टाकली. 1957 मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला तेव्हा अमेरिका खडबडून जागी झाली, विज्ञानाच्या पुस्तकांवर सरकारी पैसा ओतला गेला आणि डार्विन परत आला. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सा राज्याची अशीच बंदी उडवली.

मग पवित्रा बदलला. बंदी नाही तर समान वाटा. निर्मितीवादाचं नाव 'क्रिएशन सायन्स' झालं आणि 1981 मध्ये आर्कान्सा आणि लुइझियाना या दोन राज्यांनी दोन्ही बाजू सारख्याच शिकवा असा कायदा केला. आर्कान्साच्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत मेथडिस्ट, एपिस्कोपल आणि कॅथलिक बिशप होते, ज्यू संघटना होत्या. धर्म विरुद्ध विज्ञान असं हे चित्र रंगवणाऱ्यांनी ती वादींची यादी जरूर पाहावी. तो कायदा 1982 मध्ये पडला. लुइझियानाचा 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 7 विरुद्ध 2 ने पडला.

पुन्हा कात टाकायची वेळ आली. ही कात डोव्हरच्या कोर्टात अक्षरशः सापडली.

शाळेत ठेवलेलं ते पांडाचं पुस्तक 1989 मध्ये छापलं गेलं होतं. पालकांच्या वकिलांनी प्रकाशकांकडून त्याचे जुने कच्चे खर्डे कोर्टामार्फत मागवून घेतले. लुइझियानातल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बार्बरा फॉरेस्ट यांनी ते एकापुढे एक ठेवून तपासले. आधीच्या खर्ड्यांत व्याख्या होती: निर्मिती म्हणजे जीवांचे विविध प्रकार एका बुद्धिमान निर्मात्याकडून अचानक, आपापल्या वैशिष्ट्यांसह अस्तित्वात आले, मासे कल्ल्याखवल्यांसह, पक्षी पिसं, चोच आणि पंखांसह. 1987 च्या निकालानंतरच्या खर्ड्यात तेच वाक्य, तेच मासे, तेच पक्षी. फक्त 'निर्मिती'च्या जागी 'इंटेलिजंट डिझाइन' आणि निर्मात्याच्या जागी नुसती 'बुद्धिमान शक्ती'. हा बदल पुस्तकभर शंभराहून जास्त ठिकाणी केलेला.

आणि एका ठिकाणी हात घसरला. 'क्रिएशनिस्ट्स' हा शब्द खोडून तिथे 'डिझाइन प्रपोनंट्स', म्हणजे डिझाइनचे पुरस्कर्ते, असं घालायचं होतं. घालणाऱ्याने जुना शब्द नीट पुसलाच नाही. मूळ शब्दाचं पहिलं अक्षर पुढे तसंच चिकटून राहिलं आणि 'इस्ट्स' ही शेपटी मागे लोंबत राहिली. जे तयार झालं, 'cdesign proponentsists', त्याला कुठल्याच भाषेत अर्थ नाही. उत्क्रांतीच्या विरोधकांच्या पुस्तकात दोन जातींच्या मधला दुवा सापडावा, याहून मोठा विनोद कुणी रचून तरी दाखवावा.

खटल्यात विज्ञानाचीही झडती झाली. इंटेलिजंट डिझाइनवाल्यांचा मुख्य मुद्दा असा की काही रचना इतक्या गुंतागुंतीच्या असतात की त्यातला एक भाग काढला तर सगळंच बंद पडतं. म्हणून त्या टप्प्याटप्प्याने घडणं शक्य नाही, कुणीतरी एकदम घडवलेल्याच असणार. प्राध्यापक मायकल बीही यांचं लाडकं उदाहरण उंदीर मारायच्या चापाचं. फळी, स्प्रिंग, दांडी. एक काढा, चाप निकामी. ब्राउन विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर, जे स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहेत, त्यांनी चापाचे दोन भाग काढून उरलेलं टायला चिमट्यासारखं लावलं. उंदीर नाही मरणार, पण टाय धरून ठेवता येतो की! अर्धी रचना दुसऱ्या कामाला येऊ शकते, आणि उत्क्रांतीत तेच घडतं.

याच मिलरनी दिलेला दुसरा पुरावा मला जास्त आवडतो. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात 24. पूर्वज एकच असतील तर एक जोडी गेली कुठे? नाहीशी झाली असती तर प्राणी जगलाच नसता. मग उरतो एकच अंदाज, दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली असणार. आता बुटाची नाडी डोळ्यांसमोर आणा. तिची टोकं उसवू नयेत म्हणून दोन्हीकडे प्लास्टिकची छोटी नळी असते. गुणसूत्राच्या टोकांनाही तशी टोपणं असतात, टेलोमिअर नावाची, आणि ती फक्त टोकांनाच असायला हवीत. दोन नाड्या एकमेकींना चिकटवल्या तर टोपणं मध्येच दिसतील. माणसाचं दोन नंबरचं गुणसूत्र तपासलं तर अगदी तसंच निघालं. मध्यभागी टोपणांचे अवशेष, शिवाय एकाऐवजी दोन मध्यबिंदूंच्या खुणा, त्यातला एक निकामी.

जानेवारी 2018 मध्ये आपल्याकडे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, तेव्हा डार्विन चुकीचा आहे, शाळा-कॉलेजात हे बदललं पाहिजे. हे गृहस्थ त्याआधी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. खून होताना कुणी पाहिला नाही म्हणून तपास बंद, असं त्यांनी आपल्या खात्यात कधी चालू दिलं असतं का? दोन नंबरच्या गुणसूत्रातला तो जोड म्हणजे ठशासारखाच पुरावा आहे.

बीहींच्या उलटतपासणीत आणखी एक क्षण आला. विज्ञानाची जी सैल व्याख्या तुम्ही करताय, तिच्यात फलज्योतिषही बसेल का? बसेल, असं त्यांना कबूल करावं लागलं. तिकडे या कबुलीने बाजू लंगडी पडली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2001 मध्ये ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम आणले, त्याविरुद्धची याचिका 2004 मध्ये, म्हणजे डोव्हरच्या आदल्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली होती. तज्ज्ञ संस्थेच्या निर्णयात कोर्टाने पडू नये, हा त्यातला एक मुद्दा.

डोव्हरच्या न्यायाधीशांपुढे खरं तर 'देव आहे का' हा प्रश्न कधीच नव्हता. 'उत्क्रांती खरी का' हाही मुख्य प्रश्न नव्हता. कोर्टाला बघायचं होतं की मंडळाने हा ठराव कशासाठी केला, आणि बघणाऱ्या साध्या माणसाला त्यातून काय दिसतं. मंडळाचं उत्तर होतं, विज्ञान शिक्षण सुधारण्यासाठी. पण मंडळाच्या बैठकांत क्रिएशनिझमचं नाव उघडपणे निघालं होतं, स्थानिक वार्ताहर तिथे बसून लिहून घेत होते. पांडाची 60 पुस्तकं कुणी दिली हे माहीत नाही, असं शपथेवर सांगितलं गेलं. नंतर निघालं की एका सदस्यानेच आपल्या चर्चमध्ये पैसे जमवून 850 डॉलर्सचा चेक दुसऱ्या सदस्याच्या वडिलांच्या नावाने दिला होता. श्रद्धेचा जाहीर अभिमान मिरवणाऱ्यांनीच ती लपवायला वारंवार खोटं बोलावं, यावर न्यायाधीशांनी निकालात चांगलेच कोरडे ओढले.

हे न्यायाधीश जॉन जोन्स. रिपब्लिकन, धाकट्या बुशनी नेमलेले. 20 डिसेंबर 2005 ला त्यांनी ठराव घटनाबाह्य ठरवला. इंटेलिजंट डिझाइन विज्ञान नाही हेही सांगितलं, आणि एका खोट्या जोडीवर बोट ठेवलं: उत्क्रांती चुकली म्हणजे डिझाइन आपोआप बरोबर, ही ती जोडी. शेजाऱ्याचा हिशेब चुकला म्हणून माझा बरोबर ठरत नाही. निकालानंतर त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, काही काळ संरक्षण घ्यावं लागलं.

पण निकालाच्या सहा आठवडे आधीच गावाने आपला कौल दिला होता. 8 नोव्हेंबरच्या निवडणुकीत मंडळातल्या आठ जागा होत्या. आठही जुने सदस्य पडले. टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी डोव्हरकरांना जाहीर बजावलं की संकट आलं तर आता देवाकडे वळू नका, तुम्हीच त्याला गावातून घालवलंय. बिल मात्र नव्या मंडळाच्या गळ्यात पडलं. पालकांच्या वकिलांचा खर्च वीस लाखांवर गेला होता, तडजोड दहा लाखांवर झाली. शाळेला मोफत वकील मिळाले होते, पण अशा खटल्यात हरल्यावर समोरच्याची फी द्यावी लागते, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

डोव्हरनंतर 'इंटेलिजंट डिझाइन' हे नावही कायद्यांतून जवळपास गेलं. आता भाषा शैक्षणिक स्वातंत्र्याची. लुइझियानाने 2008 मध्ये, टेनेसीने 2012 मध्ये असे कायदे केले की वादग्रस्त वैज्ञानिक सिद्धांतांच्या 'उणिवा' शिकवणाऱ्या शिक्षकाला कुणी अडवू नये. वेस्ट व्हर्जिनियात 2024 मध्ये झालेला कायदा विद्यार्थ्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देण्याच्या मुभेबद्दल आहे. कागदावर धर्माचा शब्द नाही, त्यामुळे कोर्टात नेण्यासारखंही फारसं काही नाही. त्यात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेतू तपासण्याची ती जुनी कसोटीच सोडून दिली. आज डोव्हर पुन्हा घडलं तर वकिलांना वेगळ्या वाटेने जावं लागेल.

खरी मोठी वाट तर पैशाची आहे. सरकारने पैसा शाळेला न देता पालकाला फी भरण्याचं व्हाउचर दिलं आणि पालकाने ते धार्मिक शाळेत भरलं, तर ते घटनेविरुद्ध नाही, असं 2002 मध्येच ठरलंय. 2022 च्या मेन राज्याच्या निकालाने आणखी पुढची पायरी गाठली: खासगी शाळांना अशी मदत देणार असाल तर धार्मिक शाळा वगळता येणार नाहीत. अशा शाळेत विज्ञानाच्या तासाला पृथ्वी सहा हजार वर्षांची शिकवली, तरी पहिली दुरुस्ती आडवी येत नाही, कारण ती शाळा सरकारी नाही. पैसा मात्र सगळ्यांच्या कराचाच.

मग सरकारी खर्चाने चालणारी थेट धार्मिक शाळाच का नको, हा प्रश्न ओक्लाहोमाने विचारला. शाळा कॅथलिक होती, म्हणजे उत्क्रांतीचा वाद तिच्यापुरता नव्हताच. प्रश्न होता तिच्यामागे रांगेत कोण उभं राहील याचा. ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. मे 2025 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला तेव्हा एक न्यायमूर्ती बाजूला झाल्या होत्या आणि उरलेल्या आठांची मतं 4 विरुद्ध 4 अशी अडली. खालचा निकाल कायम राहिला. बाकी देशासाठी मात्र काहीच ठरलं नाही.